आरती कोण उचलणार

मलकापूर स्टेशनावरून गावात शिरलं की आधी सरकीचा वास येतो. तो वास संपतो तिथे डाव्या हाताला किरण फोटो स्टुडिओ. पाटीवरचा ‘कि’ कधीचाच उडाला आहे. नवखी माणसं ‘रण फोटो स्टुडिओ’ वाचून हसतात. जुनी माणसं वाचायच्या भानगडीतच पडत नाहीत, चपला काढून सरळ आत शिरतात.

या दुकानात पुढे बसायचे नीळकंठकाका आणि आत असायच्या त्यांच्या बायको, शैलजाकाकू. लग्न झालं तेव्हापासूनची ही वाटणी. पुढे दिवे, खुर्च्या, तलाव आणि हंस रंगवलेला पडदा, आणि काका. आत अंधारी खोली, लाल दिवा, औषधाच्या थाळ्या, आणि काकू. गिऱ्हाइकांना काका पाठ. काकू म्हणजे त्यांच्या लेखी पडद्याआडून बाहेर येणारा एक हात, आणि त्या हातात पाणी निथळणारा फोटो.

आणि काकांचं तोंड! अहो, काय सांगायचं. संग्रामपूरकडचं एखादं नवं जोडपं यायचं, अंगाची हळद अजून उतरलेली नाही, आणि असं लांब लांब बसायचं की मध्ये तिसरा माणूस मावावा. काका कॅमेऱ्यामागून ओरडायचे, “काऊन जावईबापू, मधातून मालगाडी काढायची आहे काय? सरका की जवळ!” नवरी पदरात तोंड लपवून हसायची, जावईबापू लाजत सरकायचे, आणि नेमका त्याच घडीला काकांनी खटका दाबलेला असायचा. असे फोटो अजून या भागातल्या कितीतरी भिंतींवर टांगलेले आहेत. नवरा लाजलेला, नवरी हसलेली आणि मागे तेच ते हंस.

काकूंना आत हे सगळं नुसतं ऐकू यायचं. ऐकता ऐकता त्या हसायच्या आणि कागद थाळीत बुडवून हळूहळू थाळी हलवत राहायच्या. कोऱ्या कागदावर आधी केस उमटत, मग भुवया, मग डोळे. गाल सगळ्यात शेवटी. या गावातली किती माणसं त्यांनी अशी पाण्यातून वर येताना पाहिली, त्याला गणती नाही. पण त्यातल्या कोणाशी त्या आपणहून बोलल्या असतील तर शपथ.

बोलायची सुरुवात काकांची. खरं म्हणजे त्या घरात सगळ्याचीच सुरुवात काकांची. सकाळी शटर वर करायचं काकांनी, उदबत्ती लावायची काकांनी. पुण्याला मुलाला, शौनकला, फोन लावायचा काकांनी, स्वतः पोटभर बोलून घ्यायचं आणि मग “हं, आई घे” म्हणून फोन काकूंच्या हातात द्यायचा. आणि दिवेलागणीला काउंटरवरच्या गणपतीसमोर आरती उचलायची, तीही काकांनीच.

आता आरती उचलणं ही काय चीज आहे, ते ज्यानं उचलली त्यालाच माहीत. पाठ सगळ्यांना असते, अगदी शेंबड्या वयापासून असते. पण ताट घेऊन मंडळी उभी राहिली की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पहिला शब्द कोणीतरी काढावा लागतो, बरोब्बर पट्टीत. तो निघाला की अख्खी गल्ली मागून येते. नाही निघाला तर घरभर माणसं, सगळ्यांना सगळं येतं, आणि सगळे मुक्यासारखे उभे. एक कडवं संपलं की पुन्हा तेच. पुढचं कडवं कुठलं, हे कोणीतरी आधी तोंडातून काढावं लागतं.

गंमत अशी की माहेरी काकू उचलणाऱ्यांपैकी होत्या. देऊळघाटच्या गुरुजींची शैलू. भाद्रपदाची पौर्णिमा आली की घरोघर भुलाबाई बसायच्या, आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींचा घोळका दारोदार गाणी म्हणत हिंडायचा. पहिली ओळ शैलूची. आवाज असा उंच, की वेशीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना कळायचं, पोरी आज कोणाच्या अंगणात आहेत. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा आणायची आणि आतला खाऊ पोरींनी ओळखायचा. शैलू डबा कानाशी नेऊन हलवायची. खुळखुळला तर फुटाणे, सरकला तर करंजी, गप्प राहिला तर शिरा. सहसा चुकायची नाही. तिनं डबा हातात घेतला की खाऊ ठेवणाऱ्या बायकाच धसका घ्यायच्या.

तीच शैलू लग्न होऊन मलकापूरला आली. पहिलाच गणपती. काका फुलं आणायला गेले होते, मंडळी खोळंबली होती, तेव्हा कोणीतरी म्हणालं, सूनबाई, तुम्ही उचला. शैलूनं उचलली. देऊळघाटच्या मोकळ्या अंगणातला आवाज तिनं मलकापूरच्या चार भिंतींत लावला. दुसऱ्या ओळीला सासरे खोकले, तिसऱ्या ओळीला शेजारीपाजारी गळाले, आणि फुलांची पुडी घेऊन दारात पोचलेले काका तिथूनच म्हणाले, “पट्टी चढली!” सगळे हसले. तीही हसली. कोणी काही वाईट बोललं नव्हतं. पण त्यानंतर तिनं कधी आरती उचलली नाही.

ते दोन शब्द मात्र घरात मुक्कामालाच आले. काकू शौनकवर ओरडल्या की बाहेरून, “पट्टी चढली.” दूधवाल्याला झापलं की, “पट्टी चढली.” एकदा काकू खरंच संतापल्या होत्या, अबोला धरून बसल्या होत्या. शेवटी बोलायला म्हणून तोंड उघडलं, तर समोरून काका हळूच “पट्टी—” एवढंच म्हणाले आणि थांबले. “चढली!” असं काकूच ओरडल्या, आणि मग दोघं हसून हसून लोळले. संसार म्हणजे असाच असतो हो, दोनचार शब्दांवर चाललेला.

मग रोल गेले. औषधाच्या थाळ्या माळ्यावर गेल्या आणि अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटर आला. त्याच्यापुढे काकूच बसल्या, कारण त्या खोलीतली खुर्ची त्यांचीच होती. चेहऱ्यावरचे डाग काढायचे, डोळे खुलवायचे. जे पूर्वी टोकदार पेन्सिलीनं करायच्या ते आता माउसनं करायला लागल्या. काका काही कॉम्प्युटर शिकले नाहीत. सकाळी नमस्कार करून त्याचं बटण मात्र तेच दाबायचे. तो जागा झाला की आतून हाक यायची, “ये गं, उठला हा!”

मध्ये एकदा त्यातली डिस्क गेली आणि एका लग्नाचे सगळे फोटो घेऊन गेली. मुलीच्या बापासमोर काका हात जोडून उभे राहिले, ते काकूंनी पडद्याआडून बघितलं होतं. त्या दिवाळीला शौनक पुण्याहून आला तो दोन नव्या डिस्क घेऊनच. म्हणाला, “बाबा, हा आरसा आहे असं समजा. एकीवर जे उमटेल ते दुसरीवर त्याच घडीला उमटेल. एक गेली तरी दुसरीवर सगळं आहे.” काकांना हे भारी आवडलं. त्यांनी लगेच दोघींची नावं ठेवली. वरची मोठी, खालची धाकटी.

आता यातली खरी भानगड ऐका. खांडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा असते. कॅमेरे, स्टँड, दिवे, कात्री, सगळं पाटावर. काका म्हणाले, कॅमेऱ्याला टिळा लावायचा आणि जिच्या पोटात सगळा तालुका आहे तिला नाही, हा कुठला न्याय! झालं. दरवर्षी स्क्रू काढून दोघी बहिणी बाहेर यायच्या आणि पाटावर बसायच्या. मोठीला हळद आणि कुंकू, धाकटीला नुसतं कुंकू, म्हणजे परत लावताना घोटाळा नको. शौनकला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, हे नवराबायकोचं ठरलेलं होतं. त्याला कळलं असतं तर त्यानं पुण्यातच कपाळावर हात मारून घेतला असता.

यंदा पोळ्याच्या आधी काका दुकानातच खुर्चीवरून कलंडले. जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागले, उजव्या हातात पेला धरायला लागले. तोंड मात्र मिटलं ते मिटलंच. बोलायला जायचे, “अ... अ...” व्हायचं, कपाळावरची शीर ताठ व्हायची, आणि मग मान खाली जायची. डोळ्यांत सगळं दिसायचं. समजायचं सगळं. बाहेर काही यायचं नाही.

समोर हरिओमची भाजीची गाडी लागते. काकांशी सकाळी दोन शिव्यांची देवाणघेवाण झाल्याशिवाय त्याची बोहणी व्हायची नाही, असा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. काका कलंडले तेव्हा शौनकला फोन लावला तोही त्यानंच. तो येऊन खुर्चीपाशी उकिडवा बसायचा. “काका, मले एक शिवी तरी द्या ना बाप्पा,” म्हणायचा. “तुमच्याबिगर सकाळ सुनी सुनी लागून राह्यली.” काका त्याच्याकडे बघून ओठ हलवायचे. मग हरिओम दुपट्ट्यानं डोळे पुसत गाडीकडे जायचा आणि पहिल्याच गिऱ्हाइकावर उगाच खेकसायचा.

आणि दिवेलागणीला काकू निरांजन लावायच्या, घंटी वाजवायच्या, ओवाळायच्या. तोंडातून शब्द नाही. आरती येत नव्हती काय त्यांना? झोपेत उठवलं असतं तरी आली असती. पण पहिला शब्द त्यांचा नव्हता. दुकानात घंटी तेवढी वाजायची आणि काका खुर्चीतून बघत राहायचे. काकूंना त्या मुक्या आरतीची घरातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त भीती वाटायला लागली होती.

राजूर घाट चढून त्या काकांना बुलढाण्याला न्यायच्या, गार्गीबाईंकडे. आजारातून उठलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवण्याचं काम त्यांचं. बाई तरुण, पण बोलण्यात घाई नाही. त्यांनी सांगितलं, “काकू, त्यांचे शब्द गेलेले नाहीत. सगळे आत शाबूत आहेत. सुरुवात करून देणारी जागा दुखावली आहे. कधीकधी तोंडपाठ गाणं, आरती असलं काहीतरी दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. खात्री नाही, पण बघू. त्यांच्याच आवाजातलं काही आहे का तुमच्याकडे? असेल तर ऐकवा त्यांना.”

आता बघा, जन्मभर दुसऱ्यांना कॅमेऱ्यात धरलेला माणूस, आणि त्याचाच आवाज शोधायची वेळ! काका कायम कॅमेऱ्याच्या मागे. फक्त एका गणपतीत त्यांनी कॅमेरा स्टँडवर चालू ठेवला होता आणि स्वतः पुढे येऊन आरती उचलली होती. तो व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये होता. दुसरीकडे कुठेही नव्हता. घाट उतरतानाच काकूंनी ठरवलं, नवरात्र होऊ दे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो काढायचा आणि ह्यांना ऐकवायचा.

खांडेनवमी आली. काकूंना वाटलं, पूजा चुकवायची नाही, ह्यांना बरं वाटेल. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला. दोघी बहिणी बाहेर आल्या, वर्षभराची धूळ आणि जुने टिळे घेऊन. आता बाई पूजा करणार म्हटल्यावर आधी पुसून घेणार नाही का? कोरड्या फडक्यानं हं, तेवढं कळत होतं. पुसून लख्ख केल्या आणि दोघींना सारखंच हळदकुंकू लावलं. एकीला जास्त, एकीला कमी कशाला? काका खुर्चीतून डावा हात हलवत होते. “अ... अ...” करत होते. काकूंना वाटलं, फुलं कमी पडली. त्यांनी आणखी दोन झेंडू वाहिले.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी काकूंनी नमस्कार करून बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक पांढरी ओळ येऊन थांबली. चालू करायला डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची. काकूंनी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. त्या कॉम्प्युटरमध्ये हजारो फोटो होते, पण त्या घडीला त्यांच्या मनात एकही फोटो आला नाही. माणसाच्या तोंडून गेलेला आवाज एका जागी उरला होता, आणि तिथूनही तो आपल्याच हातानं गेला, एवढंच त्यांना कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शौनकला फोन आपणहून लावला.

“तू काही केलं होतंस का आई?” शौनकनं विचारलं.

“मी? मी काय करणार बाप्पा? काही नाही.”

“कॅबिनेट उघडलं होतं?”

काकूंनी टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर हळूच पदराआड घेतला.

“आई. परवा खांडेनवमी होती.”

“अरे नुसतं हळदकुंकू लावलं रे!”

“डिस्कला? बाहेर काढून? आई, हे काय करून राहिली तू!” एरवी पुण्यात राहून त्याचं ‘करून राहिलो’ केव्हाच गेलं होतं. घाबरला की त्याचं मलकापूर असं उफाळून यायचं. आवाज इतका वर गेला होता की ते दोन शब्द काकूंच्या अगदी ओठांवर आले.

“पण मी आत्ता मशीन बंद करून एकीला कानाशी हलवून बघितलं,” काकू म्हणाल्या. “खुळखुळत नाही. म्हणजे आत काही फुटलं नसेल ना?”

“आई! तो भुलाबाईचा डबा नाही!”

मग तो हसायलाच लागला, आणि हसू ओसरल्यावर नीट समजावून सांगायला लागला. “ऐक. दोघींवर सगळं सारखं आहे, एकूण एक फोटो. काही गेलेलं नाही. फक्त मशीन उठतं तेव्हा पहिल्या जागेवर जी डिस्क असेल तिला विचारतं, सुरुवात कुठून करू? ते सांगणारा एक छोटासा भाग असतो. तो आरशात येत नाही, प्रत्येकीवर वेगळा घालावा लागतो. मी तो मोठीवर घातला होता. धाकटीवर घालायचा राहिला. तू अदलाबदल करून लावल्यास, आता पहिल्या जागेवर धाकटी आहे.”

“म्हणजे धाकटीला सगळं येतं?”

“सगळं.”

“फक्त उचलता येत नाही.”

“काय?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “तू पुढे सांग.”

पुढचं सोपं होतं. मशीन बंद करून दोघींच्या वायरी अदलाबदल करून लावायच्या. काकूंनी लावल्या आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं. पांढरी ओळ आली नाही. जरा वेळानं पडद्यावर नेहमीचा फोटो आला, लहानगा शौनक आणि मागे रंगवलेले हंस. मागून ठप ठप आवाज आला म्हणून काकूंनी वळून बघितलं. काका डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर मारत होते, मग डिस्ककडे बोट करत होते, मग कपाळाला. जिथे टिळा लावतात तिथे.

“अहो, तुम्ही तेव्हा हेच सांगत होता?”

काकांनी मान हलवली. काकूंना ते झेंडू आठवले आणि त्या तिथेच खाली बसून रडल्या. पूजा बघून बरं वाटेल म्हणून ज्यांच्यासाठी केली, ते समोर बसून चूक दाखवत होते आणि आपण त्यांना फुलं वाहत होतो! शौनक फोनवर “आई, आई, चालू झालं का?” करत राहिला.

चालू झालं म्हटल्यावर तो थांबेल कशाला. म्हणाला, आजच धाकटीलाही शिकवून टाकू. मग एक काळी चौकट उघडायला लावली आणि एकेक इंग्रजी अक्षर सांगायला लागला. काकू एका बोटानं दाबत होत्या आणि दाबलेलं मोठ्यानं म्हणत होत्या, काका मान पुढे करून बघत होते. “शेवटचं अक्षर ए नाही हं, बी,” शौनक म्हणाला. “ए म्हणजे मोठी, बी म्हणजे धाकटी. चुकून ए दाबलंस तर जिला येतं तिलाच परत शिकवशील.” काकूंनी बी दाबलं, पुन्हा बघितलं, काकांना दाखवलं. काकांनी डोळे मिटून होकार दिला.

“आता मशीन बंद कर, मोठीची वायर काढ, आणि एकट्या धाकटीवर चालू करून बघ.”

“झालं ना रे आता, पुन्हा काऊन हात लावायचा?”

“आई, करून बघितल्याशिवाय खरं नाही. एखाद्या दिवशी मोठी नसेल, तेव्हा कळून काय उपयोग?”

काकूंनी वायर काढली. बटण दाबलं. मशीन नेहमीपेक्षा जास्त घुटमळलं, काकूंनी तोवर गणपतीला दोनदा नारळ बोलला, आणि मग लहानगा शौनक आणि हंस पडद्यावर आले. धाकटीनं उचललं होतं. नंतर मोठीला परत जागेवर बसवलं, आणखी एक ओळ लिहिली, आणि मधल्या वेळेत जे राहून गेलं ते तिला देत मशीन गुरगुरत बसलं.

“आता दोघींपैकी कोणीही एक असली तरी चालू होईल,” शौनक म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला बाबा आठवले. “बाबांना विचारलं म्हणून सांग,” एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

काकूंनी व्हिडिओ शोधला आणि आवाज मोठा करून लावला. दुकानात एकदम काकांचा आवाज भरला, भरदार, नेहमीचा. रस्त्यापलीकडून हरिओम भाजी तशीच टाकून पळत आला. “काका बोलले काय?” दारात पोचल्यावर त्याला कॉम्प्युटरचा पडदा दिसला आणि तो तिथेच चौकटीला टेकला.

खुर्चीतल्या काकांनी ओठ हलवले. “अ... अ...” पण पडद्यातले काका कोणासाठी थांबत नव्हते, पुढच्या कडव्यावर पोचलेही होते. काकांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा मागे पडले. कपाळावरची शीर ताठ झाली, मूठ दांडीवर आपटली, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकूंनी घाईनं व्हिडिओ बंद केला. हरिओम गाडीकडे निघून गेला. एवढी उठाठेव, एवढी आशा, आणि हे! काकूंना इतकं वाईट वाटलं की दुपारचा चहासुद्धा करायचा राहिला.

पण बंद केलेल्या पडद्यावर एक गोष्ट काकूंना दिसत राहिली. व्हिडिओत मागे घंटी घेऊन त्या स्वतः उभ्या होत्या. काकांच्या पहिल्या शब्दाला त्यांचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्या शब्दापासून उघडलेले. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण कायम दुसऱ्या शब्दापासून गायलो, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

दिवेलागण झाली. मागच्या गल्लीत भुलाबाईची गाणी चालू होती. हल्लीच्या पोरी मोबाइल हातात धरून, शब्द बघून म्हणतात. पण पहिली ओळ कोणीतरी एकीनं, न बघता, जोरात काढली. काकू निरांजन हातात घेऊन ते ऐकत उभ्या राहिल्या. मग त्यांनी काकांकडे बघितलं. काका गणपतीकडे बघत होते. उचलणारं कोणी नव्हतं.

काकूंनी डोळे मिटले आणि उचलली.

आणि काय सांगू, चढली! देऊळघाटच्या अंगणात लागायचा तोच सूर, पण आता त्याचं वय झालं होतं. पहिल्याच ओळीच्या टोकाला तो फाटला. पुढची ओळ तर त्याहून वर. काकूंना कळत होतं की आपण आडरानात शिरलोय, पण थांबायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तिसऱ्या ओळीला त्यांनी डोळे उघडले तर काकांचा डावा हात वर आला होता, तळवा जमिनीकडे. खाली घे, खाली घे. चेहऱ्यावर तीच ती जुनी चीड, बेसूर ऐकला की यायची ती. काकू खाली घेईनात. त्यांना येतच नव्हतं खाली.

काकांनी मान झटकली. “अ...” आणि त्या ‘अ’च्या मागून एक शब्द आला. आरतीतला, अख्खा, बरोबर पट्टीत. त्याच्या मागून दुसरा. मग ओळच आली, भरदार नव्हती, जराशी ओली होती, पण काकूंचा सूर धरून खाली ओढणारी होती. कडवं संपलं आणि काका अडकले. ओठ उघडे, नजर काकूंवर. काकूंनी पुढच्या कडव्याचा पहिला शब्द टाकला. काकांनी तो घेतला आणि कडवं नेलं. असं कडव्यामागून कडवं, शेवटापर्यंत. हरिओम केव्हा आला ते कळलं नाही, तो दारात टाळ्या देत होता आणि ढसाढसा रडत होता.

“काका!” आरती संपल्याबरोबर तो ओरडला. “आता मले एक शिवी द्या! द्या ना बाप्पा!”

काकांनी त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. “अ...” पुन्हा तीच शीर, तीच धडपड, आणि काही नाही. आलं होतं ते सगळं परत आत गेलं. हरिओमचा चेहरा उतरला. “ऱ्हाऊ द्या काका, घाई नाही,” तो पुटपुटला.

काकूंनी ताट खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. काकांच्या खुर्चीसमोर येऊन त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “पट्टी—”

आणि थांबल्या.

काकांचे ओठ हलले. एकदा हलले, पुन्हा हलले. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

“चढली,” काका म्हणाले.

“चढू दे!” काकू म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि रडूही आवरत नव्हतं. “उद्यापण मीच उचलणार आहे.”